रिव्हेटला दोघं लागतात

शनिवार, ८ मार्च २०२५

होडी आली. गॅरेजमध्ये आहे. मी काय करून बसलोय!

सकाळी घरात बसवेना. गाडी काढली ती हॅमिल्टनहून थेट रॅगलनला. समुद्राकाठी एका घरापुढे पाटी — ‘बोट. फुकट. चांगल्या घरीच देणार.’ आधी वाटलं कुत्र्याबित्र्याची पाटी असेल. मग पाहिली. बारा फुटी, लाकडी. फळ्या एकावर एक चढवलेल्या, कौलांसारख्या. रंगाची सालपटं निघालेली, आतल्या बरगड्या मोडलेल्या, तळाशी पालापाचोळा. आणि तरीही तिचा आकार! हात फिरवल्याशिवाय राहवेना.

बाई बाहेर आल्या. नोएलीन. अठ्ठ्याहत्तर वय, गमबूट, आवाज खणखणीत. म्हणाल्या, “कौरी लाकूड आहे, इथल्याच जंगलातलं. व्हर्नने, माझ्या नवऱ्याने, वीस वर्षं वापरली. आता तो नाही. तुझ्याकडे गॅरेज आहे का?”

आहे म्हणालो.

“बायको काही म्हणणार नाही?”

“तिला आवडेल. ती सध्या पुण्याला आहे. तिच्या आईची तब्येत बरी नसते.”

सरळ, न अडखळता म्हणालो. सासूबाई जाऊन सोळा महिने झाले.

रविवार, ९ मार्च

कालचं वाक्य डोक्यातून जात नाही. ओळखीच्यांना सांगतो ते वेगळं. पण रस्त्यातल्या अनोळखी बाईला कशाला? तिने सहज विचारलं होतं.

इथे तरी खरं लिहितो. स्नेहलता फेब्रुवारी तेवीसमध्ये पुण्याला गेली, आईला पक्षाघात झाला म्हणून. तीन महिन्यांसाठी. आई नोव्हेंबरात गेल्या. जानेवारीत तिचा फोन आला — “चंद्रहास, मी आता परत येत नाहीये. रागाने नाही सांगत. खूप विचार केला.” मी म्हणालो, “थोडे दिवस जाऊ देत, मग बोलू.” ती म्हणाली, “हेच. हेच तू नेहमी म्हणतोस.”

ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की सासूबाई आजारी. गेलेल्या माणसाला मी सोळा महिने अंथरुणावर ठेवलंय.

रविवार, १३ एप्रिल

हीट गनने रंग काढतोय. पाच थर निघाले. पांढरा, हिरवा, पांढरा, एक भयंकर नारिंगी, आणि सगळ्यांत खाली करडा. मास्क लावून दिवसभर खरवडलं. खांदे गेले. पण खालून लाकूड वर आलं तेव्हा एकटाच मोठ्याने म्हणालो — “अगं बघ!”

गॅरेजमध्ये कुणी नव्हतं.

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडे. सगळं बंद. रोटोटुनाच्या या गल्लीत सुट्टीच्या दिवशी माणूस दिसत नाही. सगळे बीचवर. शेजारच्यांनी ट्रेलर जोडताना हात केला, “एन्जॉय, चॅस!” ऑफिसातही चॅसच. पूर्ण नाव शेवटचं कुणी उच्चारलं? पासपोर्टच्या काउंटरवर. तेही अर्धं.

वल्लरीला वेलिंग्टनला फोन केला. होडीचं सांगितलं. “बाबा, दॅट्स सो रँडम!” मग, “आर यू ओके?” मी म्हणालो, मस्त आहे. तिच्या आईबद्दल मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. आमचं हे बरं जमलंय.

शनिवार, १० मे

बरगड्या! नऊ मोडक्या. नव्या पट्ट्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या. वॉलपेपर काढायचं वाफेचं यंत्र आणलं, त्याची नळी एका लांब लाकडी खोक्यात सोडली. पाऊण तास वाफवायचं, आणि बाहेर काढल्यावर हातात अर्धं मिनिट. तेवढ्यात होडीच्या पोटाशी दाबून बसवायचं. मग लाकूड ऐकत नाही.

पहिली — कडाड्. दुसरी — कडाड्. तिसरी वाकली! हातमोज्यातून हात भाजला, पण वाकली.

स्नेहलता असती तर तिने आधी विचारलं असतं, झाड कुठलं. पुण्यात अकरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती ती. इथे तिच्या त्या अकरा वर्षांना कुणी विचारलं नाही. बालवाडीत बदली बाई, मग वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. सोळा वर्षं. परत जाऊया का, असं ती विचारायची. मी म्हणायचो, अजून दोन वर्षं. असं मी आठ वेळा म्हणालो असणार. हिशोब बरोबर जुळतो.

रविवार, १ जून

बरगड्या झाल्या. पाऊस. खिचडी.

शनिवार, ७ जून

आता रिव्हेट. साधं वाटलं होतं. फळ्यांतून बाहेरून तांब्याचा खिळा घालायचा. आत आलेल्या टोकावर तांब्याची छोटी वाटी बसवायची. जास्तीचं टोक कापायचं, उरलेलं ठोकून पसरवायचं. पण आतून ठोकताना बाहेर खिळ्याच्या डोक्यावर लोखंडाचा ठोकळा घट्ट दाबून धरावा लागतो. नाहीतर खिळा मागे सरतो.

वरच्या फळ्यांना मी एक हात बाहेर टाकून जमवलं. खालच्या फळ्यांना हात पोचत नाही. मी आत असलो तर बाहेर कुणीतरी हवं.

तीनशेच्या वर खिळे आहेत.

शुक्रवार, २० जून

मातारिकीची, इथल्या मूळ लोकांच्या नववर्षाची सुट्टी. मी इंजिनियर आहे. एका माणसाने करायची युक्ती काढणारच! गाडीचा जॅक, त्यावर लाकडी ठोकळा, त्यावर लोखंड, ते खिळ्याला टेकवून जॅक चढवायचा. मग बाहेरून आत चढायचं, ठोकायचं, उतरायचं, जॅक सरकवायचा. एका खिळ्याला दहा मिनिटं. चार झाले. पाचव्याला जॅक सटकला, आणि माझी हातोडी जोरात बसली.

फळी फुटली. पाऊण फूट चीर. तळाची, सगळ्यांत जुनी, इतकी वर्षं टिकलेली फळी!

होडीतच बसून राहिलो. रडलो. का लपवू, इथे कोण बघतंय.

रविवार, २२ जून

फळीच्या चिरेला आतून पट्टी लावता येईल, असं वाचलं. पण त्यालाही रिव्हेट. म्हणजे तेच.

कुणाला बोलवू? फोनमधली नावं वर-खाली केली. मकरंद आहे. बायको सुखदासोबत दहा मिनिटांवर राहतो. हॉस्पिटलात फार्मसिस्ट. हॅमिल्टनला आल्यापासूनचा दोस्त. पण तो आला की पहिला प्रश्न — “काय रे चंद्या, काकूंची तब्येत काय म्हणते?” सासूबाईंना तो काकू म्हणतो. त्या इथे आल्या होत्या तेव्हा त्याच्याकडे चार दिवस राहून आल्या होत्या. त्याच्या तोंडावर मी किती वेळ खोटं बोलणार! म्हणून गेले कित्येक महिने मी त्याला टाळतोय. तोही आता आग्रह करत नाही.

म्हणजे आहे ते असं आहे. एकोणसाठ वर्षांचा माणूस, अठरा वर्षं या गावात, आणि खिळ्याला लोखंड धरायला कुणी नाही.

शनिवार, ५ जुलै

रॅगलनला गेलो. नोएलीनला सांगायला, की तुमची होडी मी फोडली. परत द्यायच्या तयारीने.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “लोखंड कोण धरत होतं?”

“जॅक.”

“जॅक!” ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “अरे बाबा, रिव्हेटला दोघं लागतात. व्हर्न ठोकायचा, मी धरायची. या होडीतला प्रत्येक खिळा निम्मा माझा आहे. शनिवारी येते. जेवायला काय असतं तुझ्याकडे?”

शनिवार, १२ जुलै

आली! स्वतः गाडी चालवत. सोबत स्वतःचं लोखंड. आकार नारळाएवढा, पकडीच्या जागी झिजून गुळगुळीत. बाहेर बुटक्या स्टुलावर उशी ठेवून बसली. मी आत.

गंमत अशी की एकमेकांना दिसत नाही. मध्ये फळी. ती लोखंडाने एकदा टक् करते — म्हणजे धरलंय. मी ठोकतो. मग पुढचा. टक्. ठोक. टक्. ठोक. दिवसभरात चाळीस झाले. फुटलेल्या फळीची पट्टीही बसली.

पोहे केले होते. दोनदा घेतले. म्हणाली, “तुझं खरं नाव काय? चॅस वाटत नाहीस तू.”

सांगितलं. चार वेळा म्हणून पाहिलं तिने. “चंड्राहास.” चालेल.

शनिवार, १९ जुलै

पंचावन्न खिळे. मला वाटतं मी आठवडाभर शनिवारची वाट बघत होतो. असं लिहायला लाज वाटते. पण होतो.

शनिवार, २ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

दुपार होती. मी आत पालथा, डोकं खाली. ती बाहेर. टक् झालं. मी ठोकलं. मग तिचा आवाज आला, “बायको कधी येतेय?”

मी तोंड उघडलं. ‘सासूबाईंना बरं नाही’ हे वाक्य तयारच होतं. आणि समोर फक्त फळी. तोंड नाही, डोळे नाहीत. मी म्हणालो,

“ती येणार नाहीये. तिची आई केव्हाच गेली. मी खोटं सांगितलं.”

मग मीच बोलत सुटलो. तिकडे ती परत शिकवायला लागली, फोनवर म्हणाली होती, ‘वर्गात गेले की मुलं उभी राहतात रे’, आणि मी त्यावर विचारलं होतं, ‘पण पगार किती देतात?’ तेही सांगितलं. सासूबाई गेल्या तेव्हा ऑफिसात प्रोजेक्ट होता म्हणून मी गेलो नाही, तेही. ते तर इथेही लिहिलं नव्हतं. इंग्रजीत बोललो म्हणून जमलं बहुतेक. मराठीत पहिल्याच वाक्याला थांबलो असतो.

बऱ्याच वेळाने — टक्.

“पुढचा,” ती म्हणाली.

सहा-सात खिळे झाल्यावर म्हणाली, “व्हर्न मेलेला नाही.”

मी उठून बसलो. डोकं बाकाला आपटलं.

“तूच म्हणालीस तो नाही!”

“नाही म्हणजे घरात नाही. इथल्याच टेम्स गावी आहे. बोल्स खेळायच्या क्लबातल्या पॉलीनबरोबर. अकरा वर्षं झाली. मी रॅगलनला राहायला आले तेव्हा शेजारीण स्कोन्स घेऊन आली, म्हणाली, नवरा गेल्याचं कळलं, वाईट वाटलं. मी म्हटलं थँक्यू. आणि स्कोन्स खाल्ले. मग सुधारायचं राहूनच गेलं.”

“अकरा वर्षं?”

“चांगले होते स्कोन्स.”

मी हसायला लागलो. तीही. फळीच्या दोन्ही बाजूंनी दोन म्हातारी माणसं हसतायत! कितीतरी वेळ हसू थांबेना. मग ती घरात आली, चहा मागितला, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, “मला आता कुणाला सांगता येणार नाही. उशीर झाला. तुझं तसं नाही.”

रविवार, ३ ऑगस्ट

मकरंदला फोन लावला. एक रिंग वाजली आणि मी कापला. त्याने परत केला. उचलला नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

नोएलीनला सर्दी. आली नाही. गॅरेजमध्ये गेलोच नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

मंडळाचा गणपती. दोन वर्षांनी गेलो. हॉलमध्ये तोच गोंगाट, मोदकांची रांग, पोरं इंग्रजीत भांडतायत. लांबूनच मकरंद दिसला. आला. खांद्यावर हात. आणि तेच — “काकू कशा आहेत?”

त्याला बाहेर पार्किंगमध्ये नेलं. म्हणालो, “मक्या, सासूबाई गेल्या. तेवीसच्या नोव्हेंबरात. आणि स्नेहलता आता येणार नाही. मी तुला खोटं सांगत होतो.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बुटाकडे.

“माहितीये रे.”

“काय माहितीये?”

“सगळंच. सुखदा गेल्या वर्षी पुण्याला गेली होती ना? काकूंच्या वर्षश्राद्धाला जाऊन आली. स्नेहलताने सांगितलं सगळं.”

“म्हणजे नोव्हेंबरपासून! आणि तरी तू मला दर वेळी तब्येत विचारत होतास?”

“मग काय विचारणार? मला वाटायचं, या वेळी तरी सांगशील.”

“आणखी कुणाला माहितीये?”

त्याने हॉलच्या दाराकडे पाहिलं. म्हणजे सगळ्यांना. त्या हॉलमधल्या प्रत्येकाला. मी कोपऱ्यात उभा राहून ज्यांना तोंड चुकवत होतो, ते सगळे मला सांभाळून घेत होते!

इतका राग आला. आरती सुरू झाली होती, तशीच सोडून निघून आलो. प्रसादही घेतला नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

राग कुणाचा आहे? मकरंदचा? त्याने काय केलं?

वल्लरीला फोन केला. आधी तिला तिच्याच आईची बातमी सांगितली — पावणेदोन वर्षांनी. मग, मराठीत — “बाबा, मला माहीत होतं. आईने मला तुझ्या आधी विचारलं होतं.”

“तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, गो.” आणि रडायला लागली. तिला वाटत होतं, मला कळलं तर मी तिच्याशी बोलणार नाही. सव्वीस वर्षांची माझी मुलगी हे मनात घेऊन दर रविवारी मला ‘आर यू ओके’ विचारत होती.

तिला म्हणालो, बरोबर सांगितलंस.

शनिवार, १३ सप्टेंबर

खिळ्यांची शेवटची ओळ. नोएलीन आली होती. मकरंदही. मीच बोलावलं. तो बाहेर तिच्या शेजारी जमिनीवर बसला, तिचा हात दमला की लोखंड धरायला. अर्ध्या तासात दोघं मिळून मला शिकवायला लागले! मकरंद आल्यापासून माझ्याशी फारसा बोलला नाही. निघताना म्हणाला, “पार्किंगमधून न सांगता जातात का रे, चंद्या?” मी म्हटलं, चुकलं. “सुखदाने तुझा प्रसाद डब्यात ठेवला होता. मी खाल्ला,” म्हणाला.

सगळे खिळे झाले. संध्याकाळी गॅरेजमध्ये एकटाच उभा होतो. टक् टक् थांबल्यावर फार शांत वाटतं. बरं वाटलं असं नाही. पुढच्या शनिवारी कुणाला यायचं कारण नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

रंग. दोन हात. बाहेरून पांढरा, आतून नुसतं तेल. स्नेहलताला फोटो पाठवावा असं वाटलं. काढला. पाठवला नाही. काय लिहिणार खाली?

शनिवार, २५ ऑक्टोबर

होडी पाण्यात. आणि लगेच बुडाली!

म्हणजे बुडवलीच. नोएलीनने आधीच बजावलं होतं — इतकी वर्षं वाळलेली होडी पहिल्यांदा गळणारच. भरू द्यायची. फळ्या पाणी पितात, फुगतात, आणि आपापल्या फटी आपणच बंद करतात. म्हणून तिच्या घरासमोर उथळ पाण्यात बांधून ठेवली आणि चौघं काठावर उभे राहिलो. मी, नोएलीन, मकरंद, आणि लेबर डेच्या सुट्टीला आलेली वल्लरी. आठ महिन्यांचं काम डोळ्यांदेखत काठापर्यंत पाण्याने भरलं.

“बाबा, धिस इज द वर्स्ट लाँच एव्हर,” वल्लरी म्हणाली, आणि फोटो काढले.

सोमवार, २७ ऑक्टोबर

बादलीने पाणी उपसलं. वल्लरी आणि मी. मग वाट बघितली. पाच मिनिटं, दहा, वीस. तळ ओला, पण पाणी नाही. धरलं!

एकटाच वल्ही घेऊन गेलो. सरळ जाईना, गोल फिरत होतो. काठावरून तिघांच्या सूचना — तीन दिशांच्या. मग जरा लांब गेल्यावर आवाज बंद झाले. नुसतं पाणी फळ्यांना लागत होतं. मी एकटा होतो. पहिल्यांदाच त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरीही एकटाच होतो, ते काही बदललं नाही. समोरचा बाक रिकामा होता आणि मी त्याच्याकडे तोंड करून वल्हवत होतो.

संध्याकाळी वल्लरीला बसवर सोडलं. घर तसंच.

रविवार, २ नोव्हेंबर

स्नेहलताचा फोन. स्वतःहून. वल्लरीने तिला फोटो पाठवले होते. “लाकूड कुठलं आहे रे?” मी म्हटलं, कौरी. बराच वेळ झाडाबद्दल बोलली. मी ऐकलं. मग तिच्या कॉलेजचं विचारलं. वर्गात किती मुलं, काय शिकवतेस. आईंच्या वेळी मी यायला हवं होतं, तेही म्हणालो. मग तीच म्हणाली, “मी येऊ का?”

दोन वर्षं याच वाक्याची वाट बघत होतो. ‘ये, कायमची ये’ — जिभेवर आलं होतं.

म्हणालो, “ये. पाहुणी म्हणून ये.”

मग तिचा आवाज, जरा ओला, पण हलका — “बरं. परतीचंच तिकीट काढते.”

जानेवारीत. तीन आठवडे. पाहुण्यांच्या खोलीत माझे कपडे पडलेत, ते उचलायला हवेत.